दादाच्या खुर्चीत माझी बोटं

"घरात घेतलं म्हणून थेट देवघरात शिरायचं नसतं रे."

मीटिंगमध्ये, सात जणांसमोर, हसत हसत. बोलणारा आमचा मॅनेजर. पुण्याचा, आता इथं परदेशात पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी. सगळे त्याला दादा म्हणतात, चिनी पोरंसुद्धा. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. बाकीच्यांना शब्द कळला नाही, पण दादा हसला म्हणून तेही हसले. मीही हसलो. टीमचा जोकर ना मी.

मी एवढंच विचारलं होतं, मला व्हील ग्रुपमध्ये कधी घेताय?

व्हील म्हणजे काय, सांगतो. लिनक्सच्या सर्व्हरचा मालक म्हणजे रूट. त्याचा पासवर्ड गावभर वाटत नाहीत. म्हणून एक ग्रुप करतात, व्हील. त्यात नाव असलं की कमांडच्या आधी सुडो लिहायचं, तेवढ्या कामापुरतं मालक व्हायचं. आणि कुणी काय केलं ते त्याच्या नावानं लॉगमध्ये बसतं. ग्रुप असतो तो त्यासाठी.

मी होतो एडीएम ग्रुपमध्ये. नुसते लॉग वाचायचे. हात लावायचा नाही.

पण काम तर मीच करायचो. दादा स्वतःचं लॉगिन उघडायचा, खुर्चीतून उठायचा, म्हणायचा, "बस. टाइप कर." दीड वर्ष असंच. पाठीमागं उभा राहून कॉफी प्यायचा. मग मी माझ्या जागेवर जाऊन लॉग वाचायचो. प्रत्येक ओळीत माझी कमांड, प्रत्येक ओळीत दादाचं नाव. वाचायची परवानगी होती ना.

गेल्या आठवड्यात एक मोठा सर्व्हर पडला. कमांड दादानं सांगितलेली. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, टाइप कर. मी केली. आणि दादानं वरच्यांना सांगितलं, ह्या पोरानं टाइप केलं.

दीड वर्ष चाललं ते दादाचं. एकदा पडलं ते माझं.

त्याच दिवशी दुपारी हॉकर सेंटरला, इथल्या स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, टीमसोबत जेवताना दादा म्हणाला, "मूड कशाला पाडतोस? तुझ्या गावच्या मास्तरची नक्कल कर की." ती माझी हिट नक्कल. झेडपीच्या शाळेतले मास्तर, त्यांचं अडखळतं इंग्रजी. किती वेळा केली होती. टेबल हलायचं हसून. ज्या माणसानं पाचवीत मला एबीसीडी गिरवायला लावली, त्याला मी इथं नूडल्सच्या वाटीसोबत विकत होतो.

त्या दिवशी मास्तर नाही केले. दादा केला.

उभा राहिलो. पोट पुढं काढलं, हातात कॉफीचा कप. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. बस. टाइप कर. चाललं तर मी, पडलं तर तू.

पहिल्या वाक्याला हसले. दुसऱ्याला थांबले. टीममधल्या वेई लिंगनं चमचा खाली ठेवला. "सो ऑल दॅट टाइम वॉज यू, आह?"

दादा फोन बघत राहिला.

सोमवारी सकाळी त्यानं लॉगिन उघडलं, उठला, खुर्ची माझ्याकडं वळवली. "बस."

मी उभाच. म्हणालो, "माझ्या नावानं द्या. नायतर तुम्ही टाइप करा."

"तुझा इथं काम करायचा पास दोन महिन्यांनी रिन्यू व्हायचाय. सही माझी लागते. लक्षात आहे ना?"

"आहे."

लक्षात कसं नसेल? पुंगोल भागातली माझी भाड्याची खोली त्या पासवर. गावाकडं आईला सांगितलेलं सगळं त्या पासवर.

दादा बसला. दोन कमांड लिहिल्या. तिसरीला अडला. स्क्रीनवर त्याच्या नावापुढं कर्सर लुकलुकत राहिला. तिसरी कमांड मला पाठ होती. ओठांपर्यंत आली होती.

सांगितली नाही.

जागेवर येऊन अर्ज लिहिला. व्हीलमध्ये घ्या, एका ओळीत कारण. दादाच्या वरच्यालाही पाठवला. नाही म्हणाले तर परत पाठवीन. पास गेला तर जाऊ दे. ही बोटं आता दुसऱ्याच्या नावापुढं चालणार नाहीत.