प्रज्ञाताईची स्क्रिप्ट कुठंही चालायची

प्रज्ञाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या स्टँडवर होतो. हार्ट अटॅक. आदल्याच दिवशी माझ्यावर खेकसली होती… महिना उलटला, पण राग उतरत नाही. ती गेली त्याचा नाही, नंतर जे झालं त्याचा.

आमच्या संस्थेचं काम साधं. नदी चढली की भामरागडच्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून टोल्याटोल्यावर, म्हणजे पाड्यापाड्यावर, मेसेज जातो, लोक सावध होतात. त्यासाठीचे हुकूम ताईनं एका फाईलमध्ये लिहिले होते. तिलाच शेल स्क्रिप्ट म्हणतात. कॉम्प्युटर सगळे दान आलेले, नाना तऱ्हेचे. इथं ऑफिसात लिनक्स, भामरागडला बीएसडी, चंद्रपूरला कुणाचा तरी जुना मॅक. एकाला कळणारा हुकूम दुसऱ्याला कळेलच असं नाही. म्हणून ताई सगळ्यांना समजेल एवढंच लिहायची, आणि प्रत्येक मशीनवर चालवून पाहिल्याशिवाय चहाला हात लावायची नाही. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाली, "तुह्या लॅपटॉपवर चालते हे मले नको सांगू. पूर तुह्या लॅपटॉपले येत नाई."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आमचे साहेब गहिवरून बोलले, "ताईंचं काम पुढे नेऊ." नेलं ना! आठवड्यात तिची स्क्रिप्ट काढून नवी चकाचक बसवली. लिहिणाऱ्यानं ती फक्त स्वतःच्या लिनक्सवर तपासली. कालची तारीख काढायचा त्यातला हुकूम भामरागडच्या मशीनला कळलाच नाही, स्क्रिप्ट तिथंच अडकली. पर्लकोटा नदी चढली आणि एकही मेसेज गेला नाही. लोकांनी पाणी पाहून स्वतःच पोरं, शेळ्या वर काढल्या म्हणून वाचले. साहेब म्हणतात, "तांत्रिक अडचण." अडचण कसली? आळस म्हणा, मस्ती म्हणा.

मी भांडून जुनी स्क्रिप्ट परत चढवली. गेल्या आठवड्यात पाणी वाढलं, तेव्हा टोल्यावरच्या लालसूभाऊंचा फोन आला. "मेसेज आला, भाऊ. मंधात नव्हता आला, म्हटलं ताई बिमार असन. बरी झाली ना?"

माझं डोकंच फिरलं. शोकसभेचे फोटो ग्रुपवर फिरले, पण जिथल्या लोकांसाठी ती राबली तिथं एक फोन करावा, हे मी धरून कुणालाही सुचलं नव्हतं.

"ताई गेली, भाऊ," मी म्हटलं.

ते म्हणाले, "त मंग हा मेसेज कोनं धाडला?"

"तिनंच," मी म्हणालो.