लाल सात

भुताखेतांवर, अंगाऱ्या-धुपाऱ्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहितोय, कारण राग जात नाही...

आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. बायकोला, महानंदाला, कॅन्सर झाला. डॉक्टरांनी सहा केमो सांगितल्या, एकही चुकवायची नाही म्हणाले. चौथीनंतर ती फार खचली. तेव्हा पुण्याच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या आमच्या मुलीने स्वतः इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर घेतलेला फोटो पाठवला. मधोमध कॅन्सरची मोठी पिवळी पेशी आणि तिच्यावर तुटून पडलेल्या शरीराच्या लढाऊ पेशी, लाल. मी प्रिंट काढली, कारकुनी सवयीने लाल पेशी मोजल्या, मागे 'लाल ७' लिहून सही केली.

महानंदा रोज इष्टलिंगाची पूजा झाली की तो फोटोही तसाच तळहातावर घेऊन एकटक बघायची. पाचव्या केमोनंतर एका सकाळी म्हणाली, "अहो, आठ झाल्या की."

मोजल्या. "आठ," मीच बोललो. विभूतीचा डाग असेल म्हणून पुसलं. तरी आठ. मोबाईलवरच्या मूळ फोटोत सातच! मुलीला फोन लावला.

"पप्पा, त्या पेशी मेलेल्या असतात. वाळवून वर सोन्याचा थर देतो. रंगही मी नंतर भरलाय. वाढतील कशा?"

तेवढ्यावर थांबलं असतं... पण आठचं ऐकून मैंदर्गीहून मेहुणा आला. "दाजी, अक्काचं अंगच लढायलंय. सुई कशाला आता?"

"डॉक्टर कधी झालास रे तू?" मी ओरडलो. पण महानंदानेही त्याच्या बोलण्यावर मान डोलावली. "साकु. पुरे झालं मला."

सहाव्या केमोच्या सकाळी तिने फोटो माझ्यापुढे धरला. "मला धूसर दिसतंय. तुम्ही मोजा. वाढल्या असतील तर मी येत नाही."

दोनदा मोजल्या. नऊ.

"सात," मी म्हणालो.

"त्या दिवशी आठ म्हणालात की."

"विभूतीचा डाग होता तो."

अठ्ठावीस वर्षांत तिला सांगितलेला हा पहिला खोटा आकडा. ती माझ्याकडे बघत राहिली, मग रडली, मग चपला घातल्या.

सहावी केमो झाली. आज ती बरी आहे. फोटो तिने देव्हाऱ्यातून काढून टाकला, तो माझ्या कपाटात आहे. मागे माझ्या अक्षरात सात, पुढे नऊ. कारण मला सापडलेलं नाही.

मेहुणा म्हणतो, मदतीलाच आल्या होत्या त्या. मग गुपचूप यायचं ना! तिच्या डोळ्यांदेखत येऊन तिची सुई चुकवायला निघाल्या... आणि तिला एवढ्या दिवसांत मिळालेला एकुलता एक धीर मला माझ्या तोंडाने डाग ठरवावा लागला.