बत्तीस हजारांवरची रेघ

मूल गावाच्या पुढे, जंगल जिथे धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, येऊन टेकते, तिथे आमचे गाव. गावातल्या नऊ विहिरी गुणवंतरावांनी खोदल्या आणि नऊच्या नऊंना पाणी लागले. दोन विहिरींत मी स्वतः टोपल्या ओढल्या आहेत, म्हणून छाती पुढे काढून सांगतो.

शाळा चौथीपर्यंत. पण विहिरीत उतरत उतरत हा माणूस जमीन वाचायला शिकला. वर काळी माती, खाली पिवळी, मग मुरूम, मग खडक. "वरचा थर लेकरू, खालचा बुढा," ते म्हणत. मग सगळ्यांत खालचा बुढा किती वर्षांचा? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो निघेचना.

त्यांनी माप शोधले. गावाची बोडी, म्हणजे शेतांना पाणी पुरवणारे आमचे लहान तळे. तिथे त्यांच्या वडिलांनी धुण्याचा दगड मांडला होता. चाळीस वर्षांत त्यावर वीतभर गाळ चढला. गावातली सर्वांत खोल बोअर आठशे विती. तिथे पोचल्यावर एकजात दगड लागला, म्हणून तोच पृथ्वीचा तळ, असे त्यांनी धरले. आठशे गुणिले चाळीस. बुद्धविहाराच्या वाचनालयाच्या भिंतीवर त्यांनी निळ्या रंगाने लिहिले : पृथ्वीचे वय बत्तीस हजार वर्षे. खाली स्वतःचे नाव.

अकरा वर्षे तो आकडा भिंतीवर नांदला. मग या फेब्रुवारीत त्यांची पुतणी सत्यशीला, मूलच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, भिंतीपुढे उभी राहिली.

"काकाजी, हे पुसा लागते. शनिवारी माह्या वर्गातल्या पोरी येऊन राह्यल्या. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची हाय."

"कोनं मोजलं? तो बोडीत उतरला होता का?"

ओट्यावरून भैयाजी हसला. पुढच्या आठवड्यात त्याच्याच वावरात दहावी विहीर धरायची होती. "गुणवंतभाऊ, तुमचा आकडाच असा कोरडा गेला, तर माही विहीर कशी लागन जी?"

गुणवंतरावांचे तोंड उतरले. विहिरीची जागा दाखवणाऱ्याचा शब्द म्हणजेच त्याचे घर. तो ढासळला तर उरले काय?

सत्यशीला त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "तुम्ही एकटे नाई, काकाजी. एका पाद्र्यानं धर्मग्रंथातल्या पिढ्या मोजल्या, सहा हजार वर्षं सांगितली. मंग केल्विन नावाचा मोठा शास्त्रज्ञ म्हने, पृथ्वी तापलेला गोळा होती, थंड व्हाले दोन-चार कोटी वर्षं लागली. थर पाहनारे म्हनत, येवढ्यात भागत नाई. पन त्याच्या गणितापुढं त्याईचं कोनी आयकेना."

"गणित चुकलं होतं?"

"गणित बरोबर. पन खडकातले काही अणू आपोआप बदलत राह्यतेत अन् त्यातून उष्णता तयार होते, हे तवा कोनाले माईत नव्हतं. पृथ्वीच्या पोटातला खडकबी हळूहळू हलते अन् आतली उष्णता वर आनते, तेबी त्यानं धरलं नाई. पुढं अणूंच्या त्याच बदलावरून खडकाचं वय मोजता आलं. साडेचार अब्जाचा आकडा छप्पन साली छापून आला."

"छप्पन? आपल्या बुढ्यानं, माह्या बापानं, बुद्धाची दीक्षा घेतली, त्याच साली?"

"त्याच साली."

 दुसऱ्या सकाळी गुणवंतराव जंगलातल्या जुन्या बोडीवर गेले. तिच्या वर शेत नाही, नुसते सागाचे आणि ऐनाचे रान. तिथला पायरीचा दगडही त्यांच्या वडिलांनीच, त्याच सुमारास मांडलेला. त्यांनी हात घातला. गाळ बोटाच्या पेराएवढा.

 मग त्यांच्या डोळ्यांपुढे आमची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली. दर पावसाळ्यात आम्ही बांध्यांत चिखल करतो आणि तो गढूळ लोट गावाच्या बोडीत उतरतो. त्यांनी नांगराचा गाळ मोजला होता. पृथ्वीवर नांगर आला कालपरवा.

शनिवारी मुली आल्या. सगळे गाव आले, भैयाजी सर्वांत पुढे. गुणवंतरावांच्या हातात रंगाचा डबा होता. त्यांनी बत्तीस हजारांवर एक सरळ रेघ ओढली, पण पुसले नाही. खाली लिहिले : साडेचार अब्ज.

"पोरीहो, माहा गुणाकार बरोबर होता," ते ताठ उभे राहून म्हणाले. "पन आपल्या रोवणीचा चिखल म्या पृथ्वीच्या नावावर मांडला. तळ म्हनलो तो दगडबी तळ नाई, तोबी कोनाचं लेकरूच. पुढं मोजान तवा पयले पाहा, वरून काय वाहून येते."

एक मुलगी म्हणाली, "मंग जुनं काऊन ठेवलं, आजोबा?"

"कुठी चुकलो ते दिसलं पायजे."

भैयाजी उठला. आता काय टोमणा मारतो म्हणून आम्ही कान टवकारले. त्याने वहाणा पायात सरकवल्या.

"चाला जी, गुणवंतभाऊ. वावरात जागा दाखवा. मंगळवारी कुदळ मारू."