न उचललेली ओळ

"इस्कूल," माय म्हणाली आणि वर्ग हसला.

सरांनी टेपरेकॉर्डर तिच्या तोंडाजवळ सरकवला. "पुन्हा म्हणा. स्कूल."

"इस्कूल."

मुलं पुन्हा हसली. तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण माय फरशीवर बसली. चपला दाराबाहेर काढलेल्या. अंगावर लग्नाकार्यापुरतं निघणारं हिरवं लुगडं. मी पहिल्या बाकावर होतो. मीही हसलो. आवाज न करता, नुसते ओठ ताणले. पण हसलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, झाडीपट्टीतलं, धानाचं. मी तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीचं एम.ए. करत होतो. एक पेपर होता इंग्रजी भाषेच्या रचनेचा, भाषाशास्त्राच्या अंगाने शिकायचा. जीभ कुठे टेकली की कोणता ध्वनी निघतो, शब्दाचे तुकडे कसे पडतात, वाक्याचा सांगाडा कसा उभा राहतो. बैलबंडीचं चाक खोलून पाहावं तशी भाषा खोलून पाहता येते, हे मला नवीन होतं. मी त्या पेपरच्या प्रेमात पडलो.

सरांनी विचारलं, "कोणाच्या घरी अजिबात न शिकलेलं माणूस आहे? आवाज टेप करायचा आहे." शहरातली मुलं माना खाली घालून बसली. मी हात वर केला. तोवर सर मला 'ए झाडीवाल्या' म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा नाव विचारलं आणि पुढे बसवलं. पुढच्या बाकाच्या बदल्यात मी मायला आणलं.

मायला ते हसणं टोचलं नाही. का, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या शेतात, एक बाई गाण्याची ओळ सोडते आणि बाकीच्या ती उचलतात. मध्येच हसू फुटलं की काम रंगलं असं समजायचं. सर शब्द सोडत होते, माय उचलत होती, मुलं हसत होती. तिला वाटलं, रंगलं. तिने आवाज चढवला. सरांचे शब्द संपले तशी म्हणाली, "आता मी म्हनतो, तुमी म्हना जी."

आणि गायली, "पाय चिखलात वो, हात पान्यात..."

मग थांबली. मान जराशी वळवून वाट पाहत राहिली. बांधीत अशी वाट पाहावी लागत नाही. वर्ग बाकं बडवून हसत होता.

"म्हना ना जी," माय म्हणाली.

सरांनी बटण दाबून टेप बंद केला. फळ्याकडे वळून इंग्रजीत दोन-तीन शब्द लिहिले, मग मायकडे खडू रोखून मराठीत सांगितलं, "मातृभाषेचा अडथळा तो हा. नीट पाहून घ्या." माय हसून त्यांच्याकडे पाहत होती. आपल्याला काही मान दिला जातोय, असं तिला वाटलं असावं.

परतीच्या बसमध्ये म्हणाली, "सरले गाना येत नसन. बिचाऱ्याले कोनी शिकवलं नसन." थोड्या वेळाने म्हणाली, "माह्याकडे पाहून थे बोर्डावर काय लिवलं होतं गा?"

"तुझं नाव."

"माहं? पुरं, का नुसतंच?"

"पुरं."

गाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढे प्रत्येक रोवणीत ती सांगायची, "कालेजात मास्तरनं माहं नाव लिवलं." बाया चिडवायच्या, "आता तुले पगार सुरू होते का वो?" ती त्यांच्याहून जास्त हसायची. मी बांधावर उभा राहून ऐकायचो. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. ती गेली तेव्हा शेजारची म्हातारी रडत म्हणाली, "कालेजात नाव लिवलेली बाई होती." मी तिरडीला खांदा दिला, आणि ते खोटंही खांद्यावर होतंच.

तोवर मी राजुऱ्याकडे एका कॉलेजात तोच पेपर शिकवू लागलो होतो. ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात चंद्रपूरला तो पेपर शिकवणाऱ्यांची कार्यशाळा होती. पाहुणे म्हणून तेच सर आले होते. "माझा आवडता नमुना ऐकवतो," म्हणाले आणि पिशवीतून कॅसेट काढली.

इस्कूल. हशा. इस्कूल. हशा. पंखे फिरत होते, चहाचे कप वाजत होते, आणि माझी मेलेली माय म्हणत होती, "तुमी म्हना जी." समोर सगळे प्राध्यापक. तेही हसले.

"पाय चिखलात वो, हात पान्यात..."

मी उठलो. आवाज फाटला, पण ओळ उचलली. भरल्या सभागृहात तिची ओळ मोठ्याने म्हटली. हसणं थांबलं.

"ही माझी माय आहे," मी म्हणालो. "टेप बंद करा."

"हे शास्त्र आहे. इथे भावनेचं काम नाही," सर म्हणाले.

"शास्त्र बोलणाऱ्याला हसत नाही, सर. कोणतीही बोली मोडकी नसते, हे तुम्हीच लावलेल्या पुस्तकात आहे. ते तुम्ही आम्हाला शिकवलं नाही."

मी कॅसेट मागितली. "विभागाची आहे," म्हणत त्यांनी ती पिशवीत टाकली. जेवणाची सुट्टी झाली.

ती ओळ ज्या दिवशी उचलायची होती त्या दिवशी मी ओठ ताणून बसलो होतो. नंतर उचलली, तेव्हा ऐकायला माय नव्हती. यात समाधान शोधायचं मी सोडून दिलं आहे. तिला सांगितलेलं खोटं आता दुरुस्त होणार नाही. ते माझ्याबरोबरच जाईल.

कॅसेट अजून तिकडेच आहे. ती मी मागत राहीन. आणि पेपरही सोडणार नाही. इंग्रजीचा सांगाडा हाडन् हाड शिकवीन. पण फळ्यावरचे ते शब्द कोणाच्या मायपुढे लिहिणार नाही, कोणाला लिहू देणार नाही. माझ्या वर्गात कोणाच्या घरच्या बोलीला हसू फुटलं, की शिकवणं तिथेच थांबतं. मग मी दार लावून घेतो आणि मी स्वतः कोणाला हसलो होतो, ते आधी सांगतो.