टोक येतं ओढीनं

जेवणानंतरची सुस्ती आहे. प्रयोगशाळेतल्या खुर्चीत ललिताचे डोळे मिटत चालले आहेत. समोर सूक्ष्मदर्शक आहे, तिनं आणि कुंदानं मिळून हातांनी बांधलेलं. त्याला भिंग नाही. धातूची एक सुई पदार्थावरून, सध्या सोन्याच्या तुकड्यावरून, त्याला न टेकता फिरते आणि पडद्यावर अणू उमटतात. आत अजून कुंदानं तार कापून केलेली शेवटची सुई आहे. कुंदा गेली, पुढे सुईचं टोक दुभंगलं, आणि आता प्रत्येक अणू जोडीनं दिसतो. चित्रं पार वाया जातात. सुई बदलणं हातासरशी होण्यासारखं आहे, पण ललिता सगळ्यांना सांगते, इमारतच हादरते म्हणून असं होतं.

"थापा मारतेस," कुंदा कानाशी कुजबुजते. यंत्र चालू असलं की आवाजानंही सुई हलते, म्हणून दोघी हळूच बोलतात.

"कुंदे! आलीस?"

"बघ की."

दोघी कुंदाच्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत. ओट्यावर दोन पातेली, खिडकीत दोन सूर्य, दोन नळ एकदमच ठिबकताहेत. फरशी गोलगोल उंचवट्यांची झाली आहे, तळपायांना सोन्याचे अणू लागतात. सगळंच दुहेरी, कुंदा तेवढी एक. चष्मा नेहमीसारखा केसांत खोचलेला. ललिताला फार आनंद होतो.

"सुई का बदलत नाहीस, लले?"

"तुझ्या हातची आहे. ती काढली की तुझं काय उरलं इथं?"

"वेडाबाई. हे धर." कुंदा तिच्या एका हातात पक्कड देते, पकडीत बारीक तार. दुसऱ्या हातात कात्री. "तिरकी काप, आणि कापता कापता ओढ. कात्री नुसती सुरुवात करते. टोक येतं ते ओढीनं."

"तुझी ओढच तर जात नाही गं."

"मग घालवायची कशाला? कामाला लाव."

ललिता कापते, ओढते. तट्! खिडकीत एकच सूर्य. ती वळून बघते तर प्रयोगशाळेची भिंत.

मांडीवर कात्री आहे. हातातल्या पकडीत तार, तिचं टोक तिरकं, नुकतं तुटलेलं. ही आपण कधी कापली, ललिताला आठवत नाही.

ती उठते, स्क्रू सैल करते. जुनी सुई चिमट्यात अलगद येते. एवढीशी तर आहे. ललिता ती तळहातावर घेते आणि कुंदा गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडते. मग डोळे पुसून नवी बसवायला घेते.