चार बोटं

सत्यभामा आमच्या शेजारची. अठराव्या वर्षी लग्न होऊन भंडाऱ्याहून रायपूरला आली. नवरा लहानू रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, त्यानंतर तीन वर्षांनी तो रिटायर झाला. मुलगी रीना तेव्हा एका नव्या सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. घरी दिवसभर करायचं काय, म्हणून लहानूनं पंडरीतल्या एका दुकानातून दोन फुटांची काचेची टाकी आणली आणि तीन लाल मासोळ्या.

"लोकं मासोळ्या रांधतेत, आमच्याकडे पाळून राहिले," असं सत्यभामा म्हणायची. दर रविवारी लहानू नळी लावून टाकीतलं पाणी काढायचा आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं हळूहळू वरून सोडायचा. किती काढतो, किती घालतो, ते तिनं कधी पाहिलं नाही. ती तेव्हा चुलीपाशी असे.

पुढच्या उन्हाळ्यात लहानूला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सत्यभामानं त्याची खाट टाकीसमोर लावली. दिवसभर तो मासोळ्यांकडे पाहत पडायचा. दाणे रीना टाकायची, पण पाण्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. तीन आठवड्यांत पाणी गढूळ झालं.

एक दिवस त्यानं डावा हात उचलून टाकीकडे केला आणि चार बोटं दाखवली.

"चार दिवसांनी बदलायचं काय?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मंग चार बादल्या?"

त्यानं पुन्हा बोटं उचलली. तोंडातून 'ह' असा काहीतरी आवाज आला आणि हात खाली पडला. सत्यभामाला वाटलं, हव, म्हणजे हो म्हणाले. टाकीत चारच बादल्या पाणी मावायचं, त्यामुळे शंका उरली नाही.

रविवारी सकाळी तिनं मासोळ्या पातेल्यात काढल्या, टाकी रिकामी केली, काच घासली, खडे चोळून धुतले आणि नळाच्या ताज्या पाण्याच्या चार बादल्यांनी टाकी भरली. लहानू डाव्या हातानं खाटेची कड बडवत होता.

"खूश झाले, रीना," ती म्हणाली.

दुपारी मासोळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या. संध्याकाळी एक आडवी झाली. सकाळी दोन मेलेल्या होत्या, तिसरी मंगळवारी गेली. तिन्हीही लहानूच्या डोळ्यांसमोर.

बुधवारी ती रीनाला घेऊन त्या दुकानात गेली. दुकानदार यज्ञेश्वर लहानूला ओळखायचा.

"पूरा पानी बदल दिया क्या, दीदी?"

"त्यायनंच सांगतलं. चार बादल्या."

यज्ञेश्वरनं समोरच्या टाकीच्या काचेवर, पाण्याच्या वरच्या काठाला लावून, चार बोटं आडवी ठेवली. "हफ्ते में एक बार, बस इतना. चौथा हिस्सा. भैया को मैंने ही बताया था. नल के पानी में क्लोरीन की दवाई रहती है, बालटी एक दिन खुली रखनी पड़ती है. सब पानी एकदम नया कर दो तो मछली सह नहीं पाती."

सत्यभामा त्या बोटांकडे पाहत राहिली. "माँ, चलो," रीना म्हणाली तेव्हा ती हलली.

तिनं दोन नव्या मासोळ्या आणल्या. रविवारी लहानूला दाखवून चार बोटं मोजून पाणी काढलं. "आता समजलं मले. पाहा ना इकडे." त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्यानं तो हात कशासाठीही उचलला नाही, पाण्यासाठी नाही, कूस बदलायलाही नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही.

नव्या मासोळ्या चांगल्या वाढल्या. लहानू तसाच दीड वर्ष काढून गेला.

नंतर एकदा मी तिला म्हटलं, "तुम्ही काय मुद्दाम केलं? त्यांना बोलता येत नव्हतं."

"बोलता येत होतं तवाही ते कमीच बोलत," ती म्हणाली. "मीच समजून घेत होती. छत्तीस वर्षं मले वाटलं, बरोबर समजून राहिली. आता विचारू कोणाले?"

ती उठली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.