दिवसा न दिसणारा जाळ

ट्रेकवाल्या दोस्तांनो, आज दुपारी खामगावात आमच्या अंगणात थोडक्यात वाचलो.

माझ्या छोट्या मगासाठी स्पिरिटवर चालणारा हलका स्टोव्ह निवडायचा होता. दोन मागवले होते. रुंद तोंडाच्या स्टोव्हचा जाळ मगाच्या बाहेरूनच वर जाईल, अशी मला शंका होती. म्हणून अरुंद तोंडाचा आधी भरला आणि काडी लावली.

भर उन्हात काहीच दिसेना. दुकानदाराने स्पिरिटमध्ये पाणी मिसळलं असणार, असं वाटलं. अजून थोडं ओतावं म्हणून बाटलीचं झाकण उघडलं.

आई ओट्यावर देवाच्या वाती वळत बसली होती. तिलाही संशय आला, पण माझा.

"थांब रे. पेटला नाही, हे कशावरून म्हणून राह्यला तू?"

"दिसतच नाही ना काही."

तिने आतून चिमटा आणला, त्यात एक वात धरली आणि लांबूनच स्टोव्हवर नेली. वात भस्सकन पेटली.

"आता ओत," आई म्हणाली.

मी गुपचूप झाकण लावलं. बाटली लांब नेऊन ठेवली. जळत्या स्टोव्हवर ओतलं असतं, तर ती हातातच पेटली असती.

निवडला तोच अरुंद स्टोव्ह. पाणी छान उकळलं. मी दुकानदारावर संशय घेतला, दुसऱ्या स्टोव्हवर घेतला, फक्त स्वतःच्या डोळ्यांवर घेतला नाही. आता सॅकमध्ये चिमटा आणि आईच्या चार वाती राहतील.

स्टोव्ह विझलाय हे तुम्ही दिवसा कसं ओळखता? "जाळ दिसत नाही म्हणून" असं मात्र लिहू नका.